उजवा हिस्सा

यकृताचा उजवा हिस्सा बापाला देऊन राजकुमारला काय काय मिळालं, याची यादी किसनरावांनी झोपेतही म्हणून दाखवली असती. बाप जगला, हे पहिलं. गावाच्या फाट्यावर 'आजचा श्रावणबाळ' असा दहा फुटी बॅनर लागला आणि त्यावर गॉगल घातलेला राजकुमार झळकला, हे दुसरं. मग तीन ठिकाणी शाल-श्रीफळ, बाजार समितीत बिनविरोध संचालकपद, आणि चाळीस एकर संत्र्याच्या बागेच्या किल्ल्या. देण्याच्या बाजूला काय, तर बासष्ट टक्के लिव्हर. तेही म्हणे पुन्हा वाढतं. इतका किफायतीचा सौदा साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला साधला असेल, असं किसनरावांना वाटत नव्हतं.

ही यादी त्यांनी प्रथम केली ती आशाबाई मलकापूरला आली त्या दिवशी.

मलकापूर स्टेशनच्या मागच्या गल्लीत गौसिया शेख यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढची खोली ऑफिस. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात, लिव्हरच्या वॉर्डात एकोणीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर बाई गावी परतल्या आणि विमा कंपन्यांसाठी खरे-खोटे दावे तपासू लागल्या. पुढे लोक खाजगी चौकश्याही आणू लागले. सगळा मुलूख त्यांना 'सिस्टर' म्हणे. किसनराव निवृत्त हवालदार. सिस्टरची जुनी व्हॅन चालवत, वहीत टिपणं घेत, आणि प्रकरणाचा उलगडा नेहमी सिस्टरच्या आधी आणि नेहमी चुकीचा करत.

आशाबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. उंबऱ्याशीच बसली.

"माहा नवरा गोविंदा. संग्रामपूरच्या पुढं पंजाबराव मालकाकडं सालदार गडी व्हता, सोळा वर्सं. दोन सालं झाली, कावीळ होऊन मेला. सारं गाव म्हणते दारूनं मेला. सिस्टरबाई, त्यानं जन्मात थेंब घेतला नाही."

"आता दोन वर्षांनी का आलीस?" गौसियांनी विचारलं.

"मालकानं खोली खाली कराले सांगतली. पाडव्याले नवा सालदार येते. चार दिवस राह्यले. खोलीचं जाऊ द्या, कुठंबी पडीन. पण पोरीची सोयरीक मोडली. पोराकडचे म्हणले, बेवड्याची पोरगी नको." तिनं पदर तोंडाशी धरला. "मले पैसा नको, बाई. तो पेत नव्हता, एवढं एखाद्या मोठ्या माणसानं चारचौघांत म्हणावं."

"कावीळ होण्याआधी काही आजार?"

"आजार नाही. पण त्याच्या दोन महिने आधी मालकाच्या घरच्यांसंगं मुंबईले गेला व्हता. मालकाचं मोठं ऑपरेशन, सामानसुमान उचलाले माणूस पाह्यजे म्हणून. तिथंच त्याचं आपेंडिस फुटलं. त्यायनं तिथंच कापलं म्हणे. महिन्यानं आला, निरा काडी."

"टाका कुठे होता?"

आशाबाईनं स्वतःच्या छातीच्या हाडाखाली बोट टेकवलं, सरळ खाली आणलं आणि उजव्या बरगडीखालून वळवत कुशीपर्यंत नेलं. "इळ्यावानी. एवढा मोठा."

गौसियांनी पेन खाली ठेवलं.

"कावीळ झाल्यावर कोणाला दाखवलं?"

"जयमालावयनीकडं गेली ना मी. मालकाची सून. लय आस्थेनं इचारलं तिनं. म्हणे, थंडी वाजून ताप येते का? अंगाले खाज हाये का? शौचाले पांढरं होते का? मी म्हटलं, हाव वयनी, सारंच हाये. मंग म्हणे, दवाखान्यात नको नेऊ, तिथं मारून टाकतीन. कावीळीची माळ घाल."

ही माळ किसनरावांनाही ठाऊक होती. काड्यांची बांगडीएवढी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. ती वाढत वाढत गळ्यात उतरते, आणि जसजशी उतरते तसतशी कावीळ उतरली म्हणतात.

"तीन दिसांत माळ छातीवर आली," आशाबाई म्हणाली. "सारे म्हणले, उतरली रे उतरली. चौथ्या दिवशी तो गेला. माळ बेंबीपर्यंत पोचली व्हती."

"काड्या वाळतात आणि गाठी सैल पडतात, म्हणून ती लांबते," गौसिया हळूच म्हणाल्या. "रोग असलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेव, नाहीतर खुंटीवर टांग."

---

नांदुरा गेलं, जळगाव जामोद मागे पडलं, समोर सातपुडा दिसू लागला, तेव्हा किसनरावांना राहवेना.

"सिस्टर, उलगडा झाला. किडनी! या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात घरोघरी किडनीचाच आजार, म्हणजे गिऱ्हाईकही घरोघरी. गोविंदाची किडनी काढली अन् विकली."

"किडनीचा टाका कुशीला, पाठीच्या बाजूला असतो, किसनभाऊ. आणि किडनी काढल्यानं कावीळ होत नाही."

"मग आपेंडिस?"

"ते बेंबीच्या खाली उजवीकडे. दोन-तीन बोटांचा टाका. त्यासाठी कोणी छातीच्या हाडापासून चिरत नाही."

किसनरावांनी गिअर बदलला.

पंजाबरावांच्या बंगल्यात पांढऱ्या मातीनं ताजा सारवलेला गार चौक होता आणि दिवाणखान्याच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण. आत दिवाणावर बसलेले पंजाबराव त्रेसष्ट वर्षांचे, माळकरी, कपाळाला बुक्का. शेजारच्या तिपाईवर गोळ्यांचा डबा आणि गजराचं घड्याळ.

"सकाळी आठ, संध्याकाळी आठ," ते अभिमानानं म्हणाले. "दोन वर्सांत एक गोळी चुकवली नाही. पोराचं लिव्हर हाये ना आत. परक्याच्या घरी राह्यल्यावानी ते शरीर त्याले हाकलाले पाह्यते म्हणे. गोळी घेतली की गुण्यागोविंदानं नांदते."

गोविंदाचं नाव निघताच त्यांचा चेहरा आंबट झाला. "चांगला माणूस व्हता. दारूनं गेला. मले फसवलं त्यानं. सोळा वर्सं संगं राहून कळू दिलं नाही की पेते. माहं लिव्हर गेलं तवाबी लोक हसले, म्हणले, माळ घालून पेत असन. डॉक्टरनं सांगतलं, मधुमेहानं चरबी साचली. मले दारूची चीड काऊन हाये, समजलं तुमाले?"

गौसिया लिव्हरच्या वॉर्डात होत्या हे कळल्यावर म्हाताऱ्यानं उशीखालची फाईल स्वतःहून काढून दिली. "मले विंग्रजी येत नाही. पण जपून ठेवली. यात पोराचा कागदबी हाये."

गौसियांनी पानं उलटली. "किसनभाऊ, लिहा. दात्याची उंची एकशे एकोणसाठ सेंटीमीटर. वजन चोपन्न. यकृतात चरबी नाही. उजवा हिस्सा काढला, बासष्ट टक्के."

किसनरावांनी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांना कळलं नाही.

एवढ्यात राजकुमार तोरणाची पानं डोक्याला लागू नयेत म्हणून मान वाकवून आत आला. भरघोस देह, सोन्याची चेन. मागून भज्यांची ताटली आली. किसनरावांनी तत्परतेनं तिचा भार हलका करायला घेतला.

"तुम्ही घ्या ना," ते भरल्या तोंडानं राजकुमारला म्हणाले.

"नाही हो. दिवाळीपासून तळलेलं बंद. पोटात कळ आली, खामगावला सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे निघाले."

"जपा," गौसिया म्हणाल्या. "एवढं मोठं दान केलंत. कसं केलं हो ऑपरेशन? लोकांना सांगताना मला नीट सांगता येत नाही."

राजकुमार खुलला. हे भाषण त्यानं तीन सत्कारांत केलेलं होतं. भिंतीवर शाळेतला असावा तसा शरीराचा तक्ता लटकत होता. त्यातल्या तपकिरी यकृतावर त्यानं बोट ठेवलं. "हा पांढरा पट्टा दिसतो ना, हीच निसर्गानं आखलेली सीमा. डॉक्टरांनी यावरूनच कापलं. हा उजवीकडचा मोठा तुकडा बाबांना. हा डावीकडचा छोटासा मला राहिला."

"वा," गौसिया म्हणाल्या. "आणि टाका?"

"तो मी कोणाला दाखवत नाही. बाबांनाही नाही. त्यांना वाईट वाटेल."

"पोरगा असा हाये," पंजाबरावांचे डोळे भरून आले.

स्वयंपाकघरात जयमाला कणीक तिंबत होती. पस्तिशीची, थकलेली, नीटनेटकी बाई. प्रश्नांची उत्तरं तिनं वर न बघता दिली.

"गोविंदाला दवाखान्यात का नाही नेलं?"

"त्यालाच नको होतं. इकडे सगळे माळच घालतात."

"तुमच्या यजमानांना ऑपरेशननंतर काही त्रास?"

"काही नाही. मुंबईच्या इस्पितळातून सहा महिने दर सोमवारी फोन यायचा, माझ्याच मोबाइलवर. मी सांगायचे, ते ठणठणीत आहेत."

"खरं सांगायच्या."

"हो," जयमाला म्हणाली, आणि कणकेत तिचे हात थांबले. "अगदी खरं."

व्हॅनमध्ये बसल्यावर किसनरावांनी निकाल जाहीर केला. "म्हातारा! सगळ्यात जास्त फायदा त्याचा. जीवच वाचला. अन् आता साक्षीदाराच्या बायकोला घराबाहेर काढून राह्यला."

"ज्याला चोरी लपवायची असते, तो मुद्देमाल उशीखालून काढून हातात देतो का?" गौसियांनी डोळे मिटून घेतले. "उद्या सकाळी आठच्या आत परत यायचं. आशाबाईला सांगा, तिनंही यायचं. आणि तिच्यासाठी खुर्ची मागायची."

---

दुसऱ्या दिवशी साडेसातला चौकात पाच खुर्च्या मांडल्या होत्या आणि पंजाबरावांपाशी गोळ्यांची तिपाई आणून ठेवली होती. आशाबाई खुर्चीच्या कडेवर, उडून जाणाऱ्या पाखरासारखी बसली होती. किसनराव तुळशीपाशी उभे राहिले, कारण सहावी खुर्ची कोणी आणली नाही.

गौसियांनी अंगणातली एक काडी उचलली आणि मातीत मोठं यकृत काढलं.

"दादा, तुम्ही शेतकरी. मी सांगते ते तुम्हाला लवकर कळेल. लिव्हर म्हणजे एक वावर. वरून पाहिलं तर मध्ये एक बांध, धुरा दिसतो, राजकुमारभाऊंनी काल दाखवला तो पांढरा पट्टा. उजवीकडे मोठं, डावीकडे छोटं. पण मला सांगा, वावराची वाटणी डोळ्यांना दिसणाऱ्या धुऱ्यावरून होते का?"

"नाही," पंजाबराव म्हणाले. "पाणी कोणत्या पाटाचं, ते पाह्यतो आम्ही. पाटाबिगर वावर काय कामाचं?"

"तसंच. आतडीकडून रक्ताचा मोठा पाट येतो, त्याला दोन फाटे फुटतात. त्यांचे पुढे आणखी, असे आठ वाफे होतात. प्रत्येक वाफ्याला आपलं रक्त येतं आणि आपलं पित्त बाहेर न्यायला आपली चर असते. म्हणून तर एक हिस्सा काढता येतो आणि दुसरा जगतो. पण खरी वाटणी या धुऱ्यावर नाही. ती इथे आहे." त्यांनी पट्ट्याच्या बरंच उजवीकडे एक तिरपी रेघ ओढली. "ही रेघ डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर पाट बंद करतात, तेव्हा कोरडा पडलेला भाग काळवंडतो आणि रेघ उमटते. दाता होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ऑपरेशनआधी हे चित्र दहा वेळा काढून दाखवतात. धुऱ्यावर कापलं असतं तर दाता वाचला नसता, मागे फार थोडं उरलं असतं. राजकुमारभाऊ, तुम्हाला हे कोणी दाखवलंच नाही. तुम्ही भिंतीवरचा तक्ता पाठ केलात."

"दोन वर्षं झाली," राजकुमार म्हणाला. "माणूस विसरतो."

"विसरतो. पण या रेघेच्या खालच्या टोकाला काय असतं माहीत आहे?" काडीनं त्यांनी एक छोटी पिशवी काढली. "पित्ताशय. बरोबर सीमेवर, विहीर असावी तसं. उजवा हिस्सा काढायचा तर आधी ते काढावं लागतं. वॉर्डात एकोणीस वर्षांत मी असा एकही दाता पाहिला नाही, ज्याचं पित्ताशय शाबूत होतं."

गौसियांनी काडीचं टोक राजकुमारकडे वळवलं.

"आणि तुमच्या पित्ताशयात दिवाळीत खडे निघाले."

किसनरावांच्या तोंडातून "अरे देवा" निघून गेलं. खामगावच्या त्या रिपोर्टात अख्खं लिव्हर अख्खंच लिहिलेलं असणार, हे त्यांच्यासुद्धा लक्षात आलं.

"दात्याची उंची एकशे एकोणसाठ," गौसिया पुढे म्हणाल्या. "वजन कमी-जास्त होतं. पण पाच फूट तीन इंचाच्या माणसाला तोरणाखाली मान वाकवावी लागत नाही. आशाबाई, गोविंदा केवढा होता?"

"माह्यापेक्षा चार बोटं उंच," आशाबाई म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं. मग कळलं. तिचं बोट आपोआप छातीच्या हाडाखाली गेलं आणि बरगडीकडे वळलं.

पंजाबरावांनी दोन्ही तळवे पोटाच्या उजव्या बाजूला धरले, गरम वस्तू हाताला लागावी तसे.

"पोरा?" ते म्हणाले. "सांग, खोटं हाये."

राजकुमारनं खाली पाहिलं. "मी गेलो होतो, बाबा. सगळ्या तपासण्या केल्या. माझ्याच लिव्हरमध्ये तुमच्यासारखी चरबी निघाली. नाही म्हणाले. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे महिना आहे. मग दुसऱ्या इस्पितळात एक दलाल भेटला..."

"त्यानं माझ्या नवऱ्याच्या आधार कार्डावर गोविंदाचा फोटो लावून आणला," जयमाला म्हणाली. आवाज सपाट होता. "कमिटीनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, हे माझे पती."

"तो तयार झाला?" पंजाबरावांनी विचारलं.

"एका शब्दावर," जयमाला म्हणाली. "म्हणाला, मालकाले सांगू नका, ते घेणार नाहीत. मी गजानन महाराजांची शपथ घेतो, बायकोलेबी सांगणार नाही. एवढंच मागितलं, की पुढच्या पाडव्यापासून सालदारी बंद, नाल्याकाठचं दोन एकर बटईनं, निम्म्या वाट्यावर कसायला द्या. म्हणे, एक पीक स्वतःच्या हातानं पेरून पाहतो."

आशाबाईनं तोंडावर हात ठेवला.

"इथवर तुम्ही सासऱ्याचा जीव वाचवला," गौसिया म्हणाल्या. "मला इथवर रागावतासुद्धा येत नाही. पण पुढचं सांगा. गोविंदाच्या उरलेल्या डाव्या हिश्श्याची चर आवळली गेली. पित्त तुंबलं. असं काहींना होतं; वेळेवर इस्पितळात नेलं तर नळी टाकून बहुतेक माणसं वाचतात. म्हणूनच दर सोमवारी फोन करून तीन गोष्टी विचारतात. थंडी वाजून ताप? अंगाला खाज? शौचाला पांढरं?"

किसनरावांना मलकापूरचा उंबरा आठवला.

"आशाबाई दारात आली, तेव्हा तुम्ही तिला हेच तीन प्रश्न विचारलेत. याच क्रमानं. गावातली बाई कावीळवाल्याला हे विचारत नाही. ती विचारते, डोळे पिवळे आहेत का. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं त्याला काय झालंय."

"सोमवारच होता," जयमाला म्हणाली. "ती गेली आणि फोन वाजला. त्यांनी विचारलं, तुमचे पती कसे आहेत? हे समोर जेवायला बसले होते. मी म्हटलं, ठीक आहेत, जेवतायत. खोटं नव्हतं ते." पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "काय करू? तिथे नेलं तर हा कोण म्हणून सांगू? इथे नेलं तर सोनोग्राफीत अर्धं लिव्हर दिसणार. बॅनर लागला होता फाट्यावर. मी म्हटलं, माळ घाल. मला वाटलं, कदाचित उतरेल. लोकांची उतरते ना?"

"अन् दारू?" आशाबाईनं विचारलं. ती प्रथमच जयमालाकडे पाहत होती. "वयनी, दारूचं कोणं सांगतलं?"

राजकुमार म्हणाला, "मी. लोक विचारत होते, धडधाकट माणूस कसा गेला."

गौसियांनी काडी टाकून दिली. "किसनभाऊ, टिपणं ठाण्यात नेऊन द्या. दलालाचं नाव राजकुमारभाऊ स्वतः सांगतील."

"सांगतो," तो म्हणाला.

तेवढ्यात तिपाईवरचं घड्याळ वाजू लागलं. आठ. कोणी उठलं नाही. गजर वाजत राहिला, दम लागल्यासारखा अडखळला आणि थांबला.

पंजाबरावांनी गोळ्यांचा डबा उचलला आणि हळूच लांब सरकवला. "मी त्याले बेवडा म्हटलं," ते म्हणाले. "त्याचंच घेऊन बसलो, अन् त्यालेच. नाही घेणार मी आता. ज्याचं त्याले जाऊ द्या."

आशाबाई खुर्चीवरून उठली. डबा तिनं उचलला. कोणतं झाकण उघडायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं तो गौसियांपुढे धरला. गौसियांनी दोन गोळ्या काढून दिल्या. आशाबाईनं तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि मालकापुढं उभी राहिली.

"घ्या."

"आशा, बाई, मले..."

"घ्या म्हटलं ना. माफ नाही करून राह्यली मी कोणाले. पण त्याचं तेवढंच जित्तं हाये आता. ते तुमाले मारू देणार नाही मी."

पंजाबरावांनी गोळ्या घेतल्या. पाणी हनुवटीवरून ओघळलं. मग ते उठले, अनवाणीच फाटकापर्यंत गेले. रस्त्यानं बागेकडे निघालेली माणसं मालकाला असं पाहून थांबली.

"आयका रे!" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "गोविंदा पेत नव्हता! थेंबबी नव्हता घेत! मी जगून राह्यलो तो त्याच्यामुळं!"

परतीच्या वाटेवर फाट्यावरच्या बॅनरचे दोन कोपरे सुटून तो वाऱ्यानं फडफडत होता. किसनरावांनी गाडी थांबवली, खिशातून वही काढली आणि कालची यादी खोडून नवी लिहिली. ठाण्यात द्यायची नव्हती ती, स्वतःसाठी.

पंजाबराव: आयुष्य मिळालं. राजकुमार: बाप मिळाला, नाव मिळालं, नाव आता जाईल. जयमाला: नवरा अखंड मिळाला, त्या एका सोमवारापायी झोप कायमची गेली. आशाबाई: एक वाक्य मिळालं, फाटकापाशी ओरडलेलं.

गोविंदाच्या नावापुढं मिळाल्याच्या बाजूला लिहायला काही सापडेना. बराच वेळ विचार करून त्यांनी 'नाल्याकाठचं दोन एकर' असं लिहिलं, आणि पुढं कंसात, 'पेरलं नाही'.

मग देण्याची बाजू राहिली. तिथं पाचही नावं लिहावीत म्हणून त्यांनी पेन टेकवलं. लिहून झालं तेव्हा एकच नाव होतं.